बगदेईचे दोन सारस

बसा. पंखा लावतो. दुर्बीण मागायला आलात, ती खुशाल घेऊन जा. कपाटात पडूनच आहे, नुसती पुसायला लागेल. पण तुम्ही म्हणता तसं बरोबर चालायला मी येणार नाही. पक्षी मोजणाऱ्या मंडळातल्या लोकांना मी गुडघ्यांचं कारण सांगतो आणि ते त्यांना पटतं. माणसाचं साठीतलं दुखणं कोणी तपासायला बसत नाही. तुम्ही नागपूरहून नवे आलात, मंडळात अजून आला नाहीत, म्हणून तुम्हाला खरं कारण सांगता येईल. मंडळातल्या कोणाला ते मला सांगता येत नाही. सांगायला गेलो तर काय होतं, तेही सांगतो.

साल दोन हजार नऊ, जानेवारी. रायपूरजवळ नव्या राजधानीचे रस्ते तेव्हा नुकतेच झाले होते. माणसं यायच्या आधी दिव्यांचे खांब आले होते. एका संध्याकाळी मंदाकिनीवहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, यंदाचं यादीवाचन आमच्या घरी करा नं. दोन सालं झाली, कोणीच येत नाही. घर कसं सुनं सुनं वाटते." मी हो म्हटलं. नाही म्हणून सांगतो कोणाला!

यादीवाचन म्हणजे काय ते आधी सांगितलं पाहिजे. चौबे कॉलोनीतले आम्ही आठ-नऊ मराठी लोक दर जानेवारीत रायपूरच्या आसपासच्या तलावांवर पक्षी मोजायचो. कोणी रेल्वेत, कोणी सरकारी कचेरीत. मी पाण्याच्या खात्यात नकाशे काढायचो. हे सगळं सुरू केलं ते नरहरीनं. नरहरी म्हणजे मंदाकिनीवहिनींचे यजमान, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता, मूळचा गोंदियाकडचा, आणि माझा वीस वर्षांचा दोस्त. मोजणी झाली की पुढच्या रविवारी त्याच्या घरी जमायचं, पोहे खायचे आणि यादी मोठ्यानं वाचायची, असा रिवाज होता.

मोजण्याची पद्धतही त्याचीच. दोघांची जोडी असायची. एकानं बघायचं आणि पुकारायचं, "टिटवी, चार." दुसऱ्यानं मान खाली घालून लिहायचं आणि लिहिता लिहिता तेच मोठ्यानं परत म्हणायचं, "टिटवी, चार." परत म्हटलं की नोंद झाली. नुसतं पुकारलं आणि कोणी परत म्हटलं नाही, तर तो पक्षी नाहीच. झालेली नोंद खोडायची नाही. आणि नेहमी नसणारा पक्षी असला तर लिहिणाऱ्यानं मान वर करून स्वतः बघायचं. दोघांनी पाहिला तरच तो खरा. हा शेवटचा नियम नरहरीला करावा लागला, कारण आमच्यातल्या एका गृहस्थांना दर दिवाळीनंतर घराच्या गच्चीवरून गरुड दिसायचा.

त्याच नियमानं नरहरी गेला. म्हणजे मी गेलो असतो तर बरं झालं असतं, पण ते तसं होत नाही.

दोन हजार सहाचा सप्टेंबर. राजधानीच्या कामासाठी जमिनी ठरत होत्या. कुठल्या तलावावर कुठले पक्षी घरटी करतात, त्याचा अहवाल एका कंपनीला हवा होता, आणि माझ्या साहेबांनी आमच्या मंडळाचं नाव पुढे केलं. मला मोठं कौतुक वाटलं. तीन दिवसांनी त्यांनी मला आत बोलावलं. "शेखरबाबू, बगदेई तालाब में कोई घोंसला-वोंसला नहीं मिलना चाहिए. समझ रहे हो ना?" मग टेबलावरची एक फाईल नुसती सरकवून ठेवली. तिच्यात बस्तरच्या बदल्या होत्या, ते सगळ्या ऑफिसला माहीत होतं. विनोदिनीची, म्हणजे माझ्या बायकोची, तब्येत बरी नसते, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. तिला साधी सर्दी होती.

चौथ्या दिवशी मी आणि नरहरी बगदेईच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे होतो. पाऊस उघडलेला, तलाव काठोकाठ, पाण्यात शिंगाड्याचे वेल. नरहरीनं माझा दंड एवढा जोरात धरला की वळ उठला.

"अबे शेखर, तिकडं पाय! सारस! जोडी हाये बे... घरटं हाये, अंडं हाये!"

मी दुर्बीण लावली. मला दिसले. तुम्ही समोर दिसता तेवढे स्पष्ट दिसले. पुरुषभर उंच, राखी, लाल मानेचे. एक पाण्यात उभा होता आणि दुसरी वाकून चोचीनं अंडं हलकेच फिरवत होती. गोंदियाकडे लहानपणी पाहिलेला पक्षी रायपूरच्या उंबऱ्यावर बघून नरहरीच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. त्यानं आवाज सावरला आणि रीतीप्रमाणे पुकारलं, "सारस, दोन. घरट्यासह."

मी परत म्हटलं नाही.

"लिही नं," तो म्हणाला.

"मले नाही दिसले," मी म्हटलं.

तो हसला. "काहून मजाक करून राहिला बे? समोर तर हायेत."

"मले खरंच नाही दिसले, नरहरी."

त्यानं माझ्याकडे किती वेळ बघितलं, ते मला सांगता येणार नाही. मग तो पुढच्या पक्ष्याकडे वळला. नियम त्याचा होता, तो मोडणार कसा! त्या मोजणीचंही यादीवाचन झालं, त्या दिवशी त्यानं फक्त एवढंच विचारलं, सगळ्यांच्या देखत, "शेखर, पाहिले का?" मी नाही म्हटलं. कोणीतरी खाकरलं. नंतर लोक म्हणू लागले की रिटायरमेंट जवळ आली की माणसाला असं काहीबाही दिसतं. गरुडवाले गृहस्थ तर फारच हसले.

मग तो एकटाच जाऊ लागला. प्रत्येकाला विचारायचा, एकदा चला, नुसते डोळ्यांनी पाहा. कोणी गेलं नाही. मीही नाही. पुढे मशीनं आली, पाळ फोडली, पाणी उतरू लागलं, घरटं कधी गेलं कोणाला कळलं नाही. नोव्हेंबरात एका सकाळी गावातल्या लोकांना तो बगदेईत सापडला, उरलेल्या कमरेएवढ्या पाण्यात, गवतात टेकून बसलेला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. डोळे उघडे होते, असं गाववाले म्हणाले.

आणि बदली? ती पुढच्याच वर्षी झाली. चौदा महिने बस्तरात काढले. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, ते असं. बगदेईच्या जागी जे बांधायचं होतं तेही बांधलं नाही, आराखडाच बदलला म्हणे. तलाव खणून कोरडा करून ठेवला आणि वर एक पाटी लावून दिली.

तर मी बस्तरातून परत आलो आणि जानेवारीची मोजणी आली. जोडीला कोणी नव्हतं. मारोतीरावांची मुलगी पायल म्हणाली, मैं चलूँगी. मारोतीराव नरहरीच्याच ऑफिसातले. पायल चोवीसेक वर्षांची, तेलीबांध्याच्या एका शाळेत शिकवायची. डोळे घारीचे. मराठी सगळं समजायचं, पण बोलायची हिंदी, आणि पक्ष्यांची नावं घ्यायची इंग्रजी. ती म्हणायची "लिटिल ग्रीब, फाइव्ह," आणि मी परत म्हणायचो, "टिबुकली, पाच." वहीत मराठी नावं लिहायची हाही नरहरीचाच हट्ट होता.

तेलीबांध्याहून सकाळी सहाला तिच्या स्कूटीवर निघालो. पहिला जलाशय आठपर्यंत झाला. पुढचं सगळं पायी होतं, भाट्यावरून. भाटा म्हणजे इकडची उंचवट्यावरची पडीक जमीन. लाल मुरूम, गुडघाभर वाळलेलं गवत, झाड शोधूनही सापडायचं नाही. वारा एकसारखा तोंडावर. मध्येच सहा पदरी रस्ता यायचा, गुळगुळीत, आणि त्यावर चिटपाखरू नसायचं. रस्ता ओलांडला की पुन्हा मुरूम. दर पन्नास पावलांवर हद्दीचा पांढरा दगड. पायल पुढे पळायची, मी मागे पाय ओढत जायचो. पक्षी मिळाले ते चंडोल, धाविक, एक भोवत्या. दुसऱ्या जलाशयावर अडई बदकांचा थवा मिळाला तेव्हा बारा वाजून गेले होते. डबा खाल्ला आणि उठलो, तर गुडघ्यांनी उठायचं नाव घेईना.

मी वाट अशी आखली होती की बगदेई डाव्या हाताला लांब राहावा. नकाशे काढण्यात जन्म गेला माझा. पण तिसऱ्या जलाशयाकडे जाताना नवं तारेचं कुंपण लागलं, ते चुकवायला वळलो, मग दुसरं कुंपण. उन्हानं डोकं भणभणत होतं. साडेचारच्या सुमाराला कुठल्याशा पाळीवर एक मोहाचं झाड दिसलं आणि मी त्याच्या बुंध्याला पाठ टेकून बसकण मारली. समोर काय आहे ते बघितलंही नाही. दमलेल्या माणसाला सावली तेवढी दिसते.

"अंकल, पानी खतम है," पायल म्हणाली. "उधर चौकीदार की झोपड़ी दिख रही है. आप बैठो, मैं भर के लाती हूँ. रास्ते में कुछ दिखा तो बोलती जाऊँगी."

"हो, बोलत जा," मी म्हटलं. वही मांडीवर घेतली, मान खाली घातली.

थोड्या वेळानं पुकारा आला. "टिबुकली, सहा."

"टिबुकली, सहा," मी म्हटलं आणि लिहिलं.

"हळदी-कुंकू बदक, चौदा."

"हळदी-कुंकू बदक, चौदा."

पुकारा फार छान होता. पायलची घाई असायची, एक लिहून होतो तोवर तीन नावं अंगावर यायची. हा पुकारा लिहून होईपर्यंत थांबत होता. अक्षर नीट येत होतं. कितीतरी वर्षांनी असं लिहायला मिळतंय, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. खालून ओल्या चिखलाचा वास येत होता. शिंगाड्याचे वेल कुजताना येतो तसा, गोडसर. पाय गार पडत होते.

"जांभळी पाणकोंबडी, अकरा."

"जांभळी पाणकोंबडी, अकरा."

"कमळपक्षी, एक. पिल्लं तीन."

"कमळपक्षी, एक. पिल्लं तीन."

दीड पान भरलं असेल. मग जरा मोठा थांबा झाला. कोणीतरी आवाज सावरावा तसा. आणि मग...

"सारस, दोन. घरट्यासह."

माझ्या हातानं 'सा' लिहिला आणि तिथेच थांबला. मग एकेक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली, आणि ती यायला इतका वेळ लागला याचीच जास्त भीती वाटली. पायल मराठी नावं घेत नाही. दीड पानात एकही इंग्रजी नाव नव्हतं. जानेवारीत कमळपक्ष्याला पिल्लं नसतात. आणि आवाज बाईचा नव्हता.

मान वर केली. समोर पाणी नव्हतं. टिबुकली नव्हती, बदक नव्हतं. मोठा कोरडा खड्डा होता, तळाला भेगा पडलेल्या, एका कडेला पाटी उलथून पडलेली. पलीकडे फुटलेल्या पाळीवर बगदेई देवीचा शेंदूर लावलेला दगड होता. आणि त्या भेगांवरून पाण्याचा वास येत होता.

"पाहिलं का... शेखर?"

झाडाच्या मागून. माझ्या पाठीला बुंधा होता आणि बुंध्याच्या पलीकडे तो, असं. आवाजात राग नव्हता. यादीवाचनाच्या दिवशी विचारलं होतं तसंच विचारलं. राग असता तर मी पळालो असतो हो. मी मागे वळून बघितलं नाही.

"हो..." मी म्हटलं. "पाहिलं."

"दोन?"

"दोन... आन् अंडं."

वारा पडला होता. मग अगदी हळू, "मंदाकिनीले सांगशील? सगळ्यायच्या समोर?"

"सांगतो. सांगतो रे... देवाशप्पथ सांगतो."

आणि त्या कोरड्या खड्ड्यातून सारस बोलले. तुम्ही ऐकला नसेल तो आवाज. एक सुरुवात करतो, दुसरा त्याच्यात मिसळतो, तुतारीसारखा, मैलभर जातो. पाळ हादरली. मी कानांवर हात ठेवले.

"अंकल!" पायल धावत येत होती, हातात भरलेली बाटली. "अंकल, ये कौन सा बर्ड बोला? इतना लाउड! कहाँ है?"

आता बघा. दोघांनी ऐकलं होतं. माझ्याबरोबर एक साक्षीदार उभी होती, तरणीताठी, चांगल्या कानांची. दोन मिनिटांपूर्वी मी शपथ घेतली होती. आणि तिच्या तोंडाकडे बघितल्याबरोबर मला सुटल्यासारखं वाटलं. माणूस आला, उजेड आहे, जग पहिल्यासारखं आहे. मी पँट झटकत उठलो आणि म्हटलं, "बर्ड नाही बेटा. ट्रक हाये, हायवेवरचा."

"ट्रक हाये," झाडामागून कोणीतरी हळूच परत म्हटलं.

पायलला ते ऐकू गेलं नाही. ती चहूकडे बघत होती. "यहाँ हायवे कहाँ है, अंकल?" मग हवेत वास घेत म्हणाली, "और ये पानी की बास... चौकीदार भी यही बोल रहा था. इहाँ पानी नइ हे, फेर बास आथे. रोज साँझ को." मी तिला म्हटलं, चल, उशीर झाला. स्कूटीपर्यंत सहा किलोमीटर होते. गुडघे दुखल्याचं आठवत नाही.

घरी आल्यावर मी ते दीड पान कापून काढलं. सुरीनं, शिवणीजवळून, म्हणजे कोणाला कळू नये. पण मनाशी ठरवलं होतं की वहिनींना सांगायचं. खरंच ठरवलं होतं. आठवडाभर रोज वाक्य जुळवत होतो. फक्त एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, की भीती चार दिवसांत उतरते आणि लाज तिथेच बसून राहते.

रविवारी चारला वहिनींच्या घरी जमलो. आठ जण, गरुडवालेही होते. वहिनींनी पोहे केले होते, वर ओलं खोबरं, नरहरीला आवडायचे तसे. त्या स्वतः खात नव्हत्या. दाराजवळच्या स्टुलावर बसून एकेकाचं तोंड बघत होत्या. पायलनं यादी वाचली. वाचून झाली तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"अंकल, वो सूखे तालाब वाला पेज? आप तो बैठ के कितना लिख रहे थे. मैं दूर से देख रही थी."

"कोणता तलाव?" वहिनींनी विचारलं.

"पता नहीं आंटी. वहाँ देवी का पत्थर था, सिंदूर वाला."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. हातातली पळी त्यांनी खाली ठेवली नाही. "भाऊजी, बगदेईले गेले होते तुम्ही?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग आज सांगा," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. "हे सगळे बसले हायेत. लोक म्हणतात हे भ्रमिष्ट झाले होते. पोरीच्या सासरीबी तेच म्हणतात. मी दोन सालं ऐकून राहिली. त्या दिवशी तुम्ही सारस पाहिले होते का नव्हते? एवढंच सांगा."

सगळ्यांच्या मांडीवर पोह्यांच्या ताटल्या होत्या. गरुडवाल्यांनी घास तोंडात तसाच धरला होता. एक शब्द बोलायचा होता. आणि मला पुढचं सगळं दिसलं. हो म्हटलं की वहिनी विचारणार, मग तेव्हा काहून नाही म्हटलं? मग बदलीची फाईल निघणार, मग नोव्हेंबरातलं पाणी. नरहरीला त्या पाण्यात कोणी बसवलं, ते आठ जणांना आणि त्या बाईला एकाच वेळी कळणार. मी पोह्यांकडे बघितलं.

"नाही, वहिनी," मी म्हटलं. "मले नाही दिसले."

"नाही," आतल्या खोलीतून कोणीतरी परत म्हटलं. "शेखरले नाही दिसले."

लिहिणारा म्हणतो तसं. शांत, सुटं सुटं, अक्षर काढत.

मी वहिनींकडे बघितलं. त्या माझ्याचकडे बघत होत्या. बाकीच्यांना काही ऐकू आलं नव्हतं. कोणीतरी सुटकेनं हसलं, कोणीतरी चहाचं विचारलं. वहिनी जवळ आल्या, माझी ताटली उचलायला वाकल्या आणि माझ्यापुरतं बोलल्या, "ऐकलं नं? दोन सालं रोज दिवेलागणीले विचारून राहिले होते, पाहिलं का... पाहिलं का... मी म्हणायची, मले काय माहीत, शेखरभाऊजीले विचारा. आज विचारून झालं त्यांचं. आता परत म्हटलं, म्हंजे नोंद झाली." ताटली घेऊन त्या आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "पोहे टाकले तुम्ही. अन्न टाकू नये, भाऊजी."

त्या दिवसापासून वहिनींचं घर शांत झालं. त्यांनीच सांगितलं मला, सदर बाजारात भेटल्या तेव्हा. आता झोप लागते म्हणाल्या. लागणारच. तो माझ्याकडे आला होता.

काही करत नाही तो. दिसत नाही, हात लावत नाही. मी जे बोलतो ते माझ्या मागून परत म्हणतो. विनोदिनीला म्हटलं, मीठ दे, की मागून "मीठ दे." दूधवाल्याला म्हटलं, उद्या एक लिटर, की मागून "एक लिटर." विनोदिनीला ऐकू येत नाही. ती म्हणते, तुम्ही बोलताना मध्येच थांबता काहून? परत म्हणून होईपर्यंत थांबतो मी, सवयच आहे ती. पहिली काही वर्षं मी तसाच जगलो. माणूस कशालाही सरावतो, हे मी अनुभवानं सांगतो.

मी वहिनींकडे गेलो नाही असं समजू नका. तीनदा गेलो. कबूल करायला, मनापासून. पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच हात जोडले आणि म्हटलं, वहिनी, त्या दिवशी मी सारस... आणि माझ्या आधी मागून आवाज आला, "नाही." आणि माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं. "नाही दिसले." जीभ माझी, पण पुकारा त्याचा. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मंडळातल्या एकेकाला गाठून बघितलं, पायललाही. गरुडवाल्यांसमोर तर चक्क रडलो आणि रडता रडता म्हणालो, नाही दिसले. ते माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, अहो, आम्हाला ठाऊक आहे, तुमचा काय दोष! तिसऱ्या वेळी वहिनींनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, "राहू द्या, भाऊजी. झालेली नोंद खोडत नाहीत. त्यांचाच नियम होता नं."

तेव्हा लक्षात आलं की अदलाबदल झाली आहे. आता तो पुकारतो आणि मी परत म्हणतो. सगळ्याच बाबतीत नाही, पण होतं. परवा फोनवर भाचा विचारत होता, मामा, बरे आहात ना, तर मागून "बरा आहे" आलं आणि मीही बरा आहे म्हणालो. कधी कधी सकाळीच येतं, दिवसभरात जे बोलायचंय ते. मी ओठ दाबून धरले तरी संध्याकाळपर्यंत ते माझ्या तोंडून निघतंच. गेल्या महिन्यात सकाळी आलं, "हिरालाल, एक." हिरालाल आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला. दुपारी कपडे द्यायला आला तेव्हा मी सहज म्हटलं, काय हिरालाल, एकच शर्ट? तेवढंच बोललो. चौथ्या दिवशी त्याचं दुकान बंद दिसलं. त्याची बायको म्हणाली, गावाबाहेर कुठल्याशा सुक्या तलावाकडे पक्ष्यांचा आवाज ऐकायला गेले म्हणे. ह्यांना कधी पक्ष्यांची आवड नव्हती, साहेब. अजून आला नाही तो.

तुमच्यासमोर मात्र मला सगळं खरं बोलता आलं. तुम्ही आल्यापासून मागून एक शब्द आला नाही. तुम्ही मंडळाचे नाही म्हणून असेल, असं मी सुरुवातीला धरून चाललो होतो. बोलता बोलता आता तसं वाटेनासं झालंय.

झालं असं, की आज सकाळी दाढी करताना मागून एक नाव आलं. आडनावासकट, आणि पुढे "एक." माझ्या ओळखीत त्या नावाचं कोणी नव्हतं. म्हटलं, चला, आज सुटलो, हे नाव घ्यायची वेळच येणार नाही. आणि दुपारी तुम्ही दारात उभं राहून आपलं नाव सांगितलंत.

मी ते अजून परत म्हटलेलं नाही. बघा आठवून, इतका वेळ बोललो, एकदाही तुम्हाला नावानं हाक मारली नाही. दिवस मावळायला अजून तासभर आहे. दुर्बीण त्या कपाटात, वरच्या फळीवर आहे, तुमची तुम्ही काढून घ्या आणि निघा. मी दारापर्यंत येत नाही. निरोप घेताना मी तोंडावर रुमाल धरून बसलो तर राग मानू नका.